कणकुंबीच्या सड्यावर फुलं बघायला 28 जण: न्यावेत का, आणि नेले तर कसे?

घाटवाट | 30 ऑगस्ट, रात्री 9:20

नमस्कार मंडळी. उद्या गौरी यायच्या आहेत, घरात पसारा आहे, त्यामुळं लिहिणं जरा विस्कळीत होईल.

बेळगावात आमची चालणाऱ्यांची एक टोळी आहे. रविवारी पहाटे निघायचं. कधी राजहंसगड, कधी देवरवाडीचा वैजनाथ, कधी नुसतीच कॅम्पातल्या झाडांखालनं चक्कर. सगळे मिळून 28. सगळ्यात धाकटी आठ वर्षांची, सगळ्यात थोरले 71 वर्षांचे. यंदा सगळ्यांनी धरलंय की जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला जाऊन रानफुलं बघायची. आधी जंगलातला चढ, मग वर मोकळा सडा, म्हणजे खडकाळ सपाट माथा.

मी तिकडं चार वर्षांपूर्वी गेले होते. आम्ही तिघीच होतो. चढून वर आलो तेव्हा दाट धुकं होतं, काही दिसेना. मग वारा आला, धुकं सरकलं आणि पायाखालचा सगळा सडा जांभळा निघाला. फूल नाही अशी वीतभर जागा नव्हती. पाऊल कुठं टाकावं ते कळेना म्हणून मी एका उघड्या दगडावर दहा मिनिटं नुसती उभी राहिले. आता तिथं 28 जण न्यायचे म्हटल्यावर मला तो दगडच आठवतो. तो एकटीला पुरला होता.

तर 21 सप्टेंबरचा रविवार बरा पडेल का? परवानगीचं काय करावं लागतं? आणि या दोन्हींच्या आधीचं विचारते: एवढ्या माणसांनी तिथं जावं का?

---

निपाणीकर | 30 ऑगस्ट, रात्री 9:41

जावा की ताई. जळवांसाठी तंबाखू आमच्याकडनं. निपाणीची पुरचुंडी मोज्यावर चोळली की जळू वाट बदलते.

---

टिळकवाडी_काका | 30 ऑगस्ट, रात्री 10:05

21 तारखेला सर्वपित्री अमावास्या आहे. तुमच्या टोळीतले निम्मे लोक घरी पानं वाढत बसतील. 14 बघा.

---

खानापूरचा_गडी | 30 ऑगस्ट, रात्री 11:32

मी त्याच पट्ट्यातला. गावाचं नाव लिहीत नाही, कारण नाव लिहिलं की पुढच्या रविवारी तिथं गाड्या लागतात.

ताई, तुम्ही विचारलात हे बरं केलात. बाकीचे विचारत नाहीत. गेल्या वर्षी गणपती झाल्यावर तीन गाड्या भरून माणसं आली. सड्यावर गाडी चढत नाही म्हणून खाली लावली, स्पीकर मात्र खांद्यावर घेऊन वर गेले. फुलांत आडवं पडून फोटो काढले. एकमेकांना सांगालेत, तू इथं झोप, तू तिथं झोप. चार दिवसांनी मी म्हशी घेऊन गेलो तर माणसं कुठं कुठं पडली होती ते ओळखू येत होतं. डोकं, खांदे, पाय. गवत उठलं होतं, फुलं उठली नव्हती.

त्यामुळं माझं उत्तर: 28 नको.

---

पुण्यातली_बेळगावकर | 31 ऑगस्ट, सकाळी 7:15

गडी यांच्याशी सहमत, पण अर्धीच. मी दरवर्षी कासला जाते. युनेस्कोच्या 2012 च्या यादीत पश्चिम घाटाबरोबर कासचं नाव आलं आणि गर्दी हाताबाहेर गेली. आता तिथं दिवसाला 3000 माणसांची मर्यादा आहे, आधी नोंदणी, शुल्क, ठरलेल्या वाटा. मर्यादाच 3000 ची, म्हणजे काय ते समजा. तरीसुद्धा मला वाटतं की ज्यांनी कास पाहिलं त्यांतले काही लोक पुढं सडा, पठार या शब्दांना जागे झाले. त्याआधी आम्ही त्याला पडीक म्हणायचो. माझ्या माहेरच्या सातबाऱ्यावर अशा जमिनीला अजून पोटखराबा लिहिलंय.

दाखवायचंच नाही म्हटलं तर उद्या तिथं खाणीसाठी जेसीबी आला की "फुलं आहेत हो" म्हणून ओरडायला कोण उरणार?

---

खानापूरचा_गडी | 31 ऑगस्ट, सकाळी 7:40

आम्ही उरणार की. आम्ही तिथंच राहतो.

---

पुण्यातली_बेळगावकर | 31 ऑगस्ट, सकाळी 7:52

खरं आहे. माझं वाक्य चुकलं, मागे घेते.

---

भुईआमरी | 31 ऑगस्ट, दुपारी 2:10

मी वनस्पतिशास्त्र शिकवते, त्यामुळं लांबेल. गौरीचा नैवेद्य उद्या आहे, आज वेळ आहे.

सड्यावरची फुलं इतकी नाजूक का, ते आधी समजून घेऊया. सडा म्हणजे जांभ्या दगडाचा सपाट माथा. वर माती एक-दोन इंच, कुठं तेवढीही नाही. पावसाळ्यात खळग्यांत पाणी साठतं, दिवाळीनंतर सगळं रखरखीत. इथं मोठं झाड मूळच धरू शकत नाही, म्हणून बोटभर उंचीच्या झाडांना मोकळं रान मिळतं. त्यांच्याकडं तीन-चार महिने असतात. उगवायचं, फुलायचं, बी टाकायचं, संपायचं. ते बी त्याच इंचभर मातीत पुढच्या जूनची वाट बघतं. तुमचा बूट फुलावर पडला तर एक फूल जातं. बुटानं ती इंचभर माती उखडली आणि पावसानं वाहून नेली तर पुढच्या वर्षांचं बीसुद्धा जातं. गडींनी सांगितलेल्या त्या माणसांच्या आकारांचं मला म्हणूनच फार वाईट वाटलं.

दुसरं, या मातीत नायट्रोजन फार कमी. म्हणून काही झाडं किडे खातात. घाटवाट यांनी बघितलेला जांभळा रंग बहुतेक सीतेच्या आसवांचा असणार. फूल इवलंसं, आणि मुळांच्या जागी ओल्या मातीत बारीक पिशव्या. सूक्ष्म जीव जवळ आला की पिशवीचं दार उघडतं आणि पाण्यासकट तो आत ओढला जातो. सेकंदाच्या हजाराव्या भागात. डोळ्याला दिसत नाही, पण तुम्ही उभे असता तेव्हा पायाखाली हे चालू असतं. दवबिंदू नावाच्या झाडाचं काम उघड्यावर: पानांवर चिकट थेंब, त्यात चिलट अडकलेलं. भिंग घेऊन जा, मुलं तिथनं हलणार नाहीत.

तारखेचं म्हणाल तर सडा एकाच वेळी फुलत नाही. आषाढात आमरी येते, हिरवट-पांढरी. श्रावण-भादव्यात गेंदाची पांढरी बटणं, सीतेची आसवं, निळी आभाळी, तेरडा. पाऊस ओसरायला लागला की कवला आणि सोनकी, म्हणजे पिवळा रंग वर येतो. 14 सप्टेंबरला निळं-जांभळं जाता जाता आणि पिवळं येता येता, दोन्ही सापडण्याची शक्यता आहे. पावसानं ठरवलं तर काहीच नाही.

जायचं का? माझं मत: जा, पण 28 जण एका वेळी नाही.

---

चंदगडी_मावळा | 31 ऑगस्ट, दुपारी 3:30

एक शंका. माणसाच्या बुटानं माती उखडते म्हणता, मग म्हशींच्या खुरांचं काय? गडी स्वतःच लिहितात की म्हशी घेऊन गेलो. शंभर म्हशी वर्षभर चालतात आणि बेळगावचे 28 जण वर्षातनं एकदा. भांडायला लिहीत नाही, खरंच विचारतोय.

---

खानापूरचा_गडी | 31 ऑगस्ट, संध्याकाळी 6:48

शंभर कुठल्या हो, आमच्या अकरा आहेत.

गवळी-धनगरांच्या म्हशी तिथं पिढ्यान् पिढ्या चराल्यात. म्हैस गवत खाते, चालते, पुढं जाते. एकाच जागी तासभर उभी राहून फोटो काढत नाही. आणि ऐन पावसात आम्ही सड्यावर जास्त नेतच नाही, तिथं खूर घसरतात. खुराच्या खळग्यात पाणी साठतं आणि त्यातच ती बारकी पांढरी बटणं उगवलेली मी बघितलीत. कारण ताई सांगतील.

---

भुईआमरी | 31 ऑगस्ट, रात्री 8:55

चंदगडी, शंका रास्त आहे. उत्तर एका ओळीचं नाही. थोडी चराई नसेल तर उंच गवत माजतं आणि बुटक्या फुलझाडांचा उजेड खातं. कासला जाळीचं कुंपण घातलं होतं. गुरं थांबली, गवत वाढलं आणि फुलं मागे पडली, असं तिथले गावकरी सांगत राहिले, आणि पुढं ते कुंपण काढलं गेलं. म्हणजे म्हैस या माळाची शत्रू नाही. चराई फार झाली तर मात्र माती उघडी पडते. किती म्हणजे फार, हे प्रत्येक माळाला वेगळं.

बुटाचं आणखी एक आहे, ते खुराला कमी लागू. आपण शहरातनं येताना बुटाच्या खाचांत बी घेऊन येतो. काँग्रेस गवत, रानमोडी, घाणेरी हे सगळे बाहेरदेशी पाहुणे असेच रस्त्याकडेनं आत शिरतात. तेव्हा घरनं निघताना बूट ब्रशनं घासून धुवा. येताना नाही, जाताना. आपण उलटं करतो.

---

निपाणीकर | 31 ऑगस्ट, रात्री 9:10

जाताना बूट धुवायचे आणि वर तंबाखू चोळायची. घरचे म्हणणार, हा नक्की कुठं निघालाय.

---

साखळीकर | 1 सप्टेंबर, सकाळी 6:30

घाट उतरल्यावरच्या बाजूनं नमस्कार. आमच्या गोव्यात चवथीला गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतात. लाकडी चौकट आणि तिला रानातली फळं-फुलं टांगायची: कांगणां, घागऱ्या, कळलावीची फुलं, नारळ, सुपारीचे घोस. आधीचे दोन-तीन दिवस आम्ही पोरं वडलांबरोबर रान धुंडायचो. फुलं बघायला चाललोय असं तेव्हा कुणी म्हणत नसे, माटोळीचं सामान आणायला चाललोय म्हणायचे. तरी मला आज जी झाडं ओळखू येतात ती सगळी तिथंच शिकलो. वडलांचा एक नियम होता: एका वेलीचं सगळं काढायचं नाही, अर्धं ठेवायचं. कारण विचारलं तर म्हणायचे, पुढच्या चवथीक किदें हाडटलो? म्हणजे पुढच्या चवथीला काय आणणार?

आता निम्मी माटोळी बाजारातनं येते. विकणारा अर्धं ठेवत असेल का, माहीत नाही.

---

शहापूरची_लेक | 1 सप्टेंबर, सकाळी 11:20

साखळीकर, तुमच्या कळलावीवरनं आठवलं. आज आमच्याकडं गौर जेवणार. आई असताना तेरडा मुळासकट आणायची, तीच गौर. आणि कळलावीची लाल-पिवळी फुलं तिच्या डोक्यावर. शेजारच्या कन्नड मावशी कळलावीलाच गौरी हू म्हणायच्या, म्हणजे त्यांच्या नावातच गौर होती. दोन्ही घरांत एकच फूल, एकाच टोपलीतलं.

मी सातवीत असताना एकदा कळलावीचा कंद उकरून परसात लावायला आणला. आईनं हात धरून तीनदा साबणानं धुतला आणि मला तसं रागावलेली ती पुन्हा दिसली नाही. कंद जहरी असतो. वेलीच्या पानाची टोकं बघा, तारेसारखी वळलेली असतात, त्यांनीच ती दुसऱ्या झाडाला धरून चढते. घाटवाट, आठ वर्षांची मुलगी येतेय ना? तिला हे फूल लांबनं दाखवा आणि हात लावू देऊ नका.

बाकी तेरडा मात्र तिच्या हातात द्या. पिकलेली शेंग चिमटीत धरली की फटकन फुटते आणि गुंडाळून बोटावर बसते.

---

टिळकवाडी_काका | 1 सप्टेंबर, दुपारी 12:02

तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, पण तुमच्या आईचा तेरडा चांगला चाळीस वर्षं टिकलेला दिसतो.

कारवी फुलणार आहे का यंदा त्या बाजूला? मी लहानपणी एकदाच बघितली. सगळा उतार निळा-जांभळा. तिकडच्या घरांच्या कुडाच्या भिंती कारवीच्या असायच्या, वरनं शेणमातीचा गिलावा.

---

खानापूरचा_गडी | 1 सप्टेंबर, दुपारी 1:15

यंदा आमच्या बाजूला नाही काका. नुसती खरखरीत पानं.

आजोळच्या घराची एक भिंत अजून कारवीच्या कुडाची आहे. ही सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, मग सगळं रान एकदम वाळतं. त्या वर्षीचा मध दाट असतो, काळपट. वाळलेल्या बोंडांवर पुढच्या मिरगाचे पहिले थेंब पडले की ती तडतड फुटतात. आजोबा म्हणायचे, ऐक, कारवी पेराल्याय.

---

पुण्यातली_बेळगावकर | 1 सप्टेंबर, दुपारी 1:40

हे वाचून काम बाजूला ठेवलं. मुन्नारची नीलकुरिंजी म्हणजे तिचीच बहीण, ती बारा वर्षांनी फुलते. 2018 ला मी तिकडं तिकीट काढून गेले होते, आणि आपल्या कारवीचा आवाज असतो हे मला आज कळतंय.

---

नियामक | 1 सप्टेंबर, रात्री 10:30

म्हादई-कळसा पाण्याच्या वादावरचे आणि बेळगाव की बेळगावी यावरचे मिळून 19 प्रतिसाद वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. इथं फुलांवर बोलूया.

---

घाटवाट | 2 सप्टेंबर, रात्री 9:05

सगळं दोनदा वाचलं, टोळीच्या चहाच्या वेळी मोठ्यानंही वाचून दाखवलं. माणसांच्या आकारांचा तो परिच्छेद वाचल्यावर कुणी बोलेना.

तारीख 14 ठरली. काका, आभार. वनखात्याच्या कचेरीत जाऊन अर्ज दिला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: भीमगड अभयारण्य 2011 साली जाहीर झालं, 190 चौरस किलोमीटर आहे, आणि त्याच्या हद्दीत आपल्या मनानं शिरता येत नाही. हद्दीबाहेरचं राखीव जंगलसुद्धा विचारूनच. अभयारण्यातलं फूल तोडणं हा 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, हे मला स्वतःला परवापर्यंत माहीत नव्हतं. आमची वाट हद्दीबाहेरची आहे.

माणसांचं कोडं तेवढं राहिलंय. 28 मधले काही वगळायचे तर कुठले?

---

खानापूरचा_गडी | 2 सप्टेंबर, रात्री 11:50

कुणाला वगळू नका. सातसातच्या चार तुकड्या करा. एक तुकडी वर, बाकीच्या खाली. खाली कणकुंबीला माउलीचं देऊळ आहे, मलप्रभेचा उगम आहे, बसायला जागा आहे. वर जायला जुनी पायवाट आहे, म्हशींची. तिच्यावरनं उतरायचं नाही. माझे मामा पुढं चालतील. ते चारही वेळा वर जातील, त्यांना रोजचंच आहे. त्यांचा दिवस बुडेल तेवढं त्यांना द्या.

आणि फोटो टाकताना जागा टाकायची नाही. हे मान्य असेल तर 28 ला माझी हरकत नाही.

---

भुईआमरी | 3 सप्टेंबर, सकाळी 6:20

यापेक्षा चांगलं मला सुचलं नसतं.

---

चंदगडी_मावळा | 3 सप्टेंबर, सकाळी 8:00

मामांना विचारलंय का आधी?

---

खानापूरचा_गडी | 3 सप्टेंबर, सकाळी 8:20

विचारलंय की. म्हणाले, बायका असतील तर सावकाश चालू, पुरुष असतील तर अजून सावकाश.

---

घाटवाट | 16 सप्टेंबर, रात्री 10:15

जाऊन आलो. परवा घरी पोचायला रात्रीचे नऊ वाजले, काल पाय वर करून बसले होते, आज लिहितेय.

पहाटे साडेपाचला बेळगाव सोडलं. जांबोटीला मिरची भजी आणि चहा. तिथनं पुढं धुकं. कणकुंबीला उतरलो तर पाऊस नव्हता पण झाडं गळत होती. आमच्या गोकाकच्या एक बाई म्हणाल्या, त्यांच्याकडं अजून पेरणीपुरताही धड पडला नाही. जिल्हा एकच, आणि मध्ये जेमतेम शंभर किलोमीटर. वनखात्याचा एक तरुण गार्ड बरोबर दिला होता. त्यानं सुरुवातीलाच हात जोडून सांगितलं, "हूव कीळब्याडरी." फुलं तोडू नका. दिवसभरात त्यानं हे पुन्हा म्हटलं नाही, तशी वेळच आली नाही.

पहिल्या तुकडीत मी, 71 वर्षांचे आमचे आजोबा, ती आठ वर्षांची मुलगी आणि आणखी चौघे. जंगलातला चढ पाऊण तासाचा. आत अंधारून आलेलं, पायाखाली कुजकी पानं, आणि कुठनं तरी शीळकरी कस्तुराची शीळ. माणूस वाट चुकून शीळ घालत फिरावा तसा. मामा थांबले, आजोबा थांबले, दोघेही काही न बोलता ऐकत राहिले. जळवा होत्या. निपाणीकर, तुमची तंबाखू पाचांना लागू पडली, दोघांना नाही. मामांच्या पायाला एकही नाही, आणि ते अनवाणी होते.

वर आलो. यंदा जांभळा नव्हता. खरं सांगते, पहिल्या क्षणी मन खट्टू झालं. चार वर्षं मनात धरलेला रंग तिथं नव्हता. मग मुलगी खाली बसली आणि ओरडली, "याला कान आहेत!" कवला. पिवळ्या पाकळ्यांवर लाल ठिपके, अगदी तोंडासारखे. पोरं त्याला मिकी माऊस म्हणतात ते उगाच नाही. मग आम्ही सगळे पायवाटेवरच उकिडवे बसलो आणि तासाभरात बहुधा दहा पावलंसुद्धा पुढं गेलो नाही. गेंद होते, आभाळी होती, कडेकडेला तेरडा. एका खळग्याच्या काठावर सीतेची आसवं शिल्लक होती, तळहाताएवढ्या जागेत. दवबिंदूवर एक चिलट अडकलेलं, अजून पाय हलवणारं. मुलीनं भिंग धरलं आणि विचारलं, "सोडवू का?" सातही जण तिच्याकडं बघत राहिलो. मामा म्हणाले, "त्या झाडाचं आज जेवण झालं नसेल, बाळा." तिनं भिंग खाली ठेवलं, पण तिचं तोंड उतरलं ते उतरलंच.

तिसऱ्या तुकडीतल्या एकांचा फोटोसाठी मागे सरकताना पाय वाटेबाहेर गेला. गेंदांच्या एका पट्ट्यावर. ते गृहस्थ उतरेपर्यंत बोलले नाहीत, खाली येऊन देवळात एकटेच बसले. त्यांना कुणी काही म्हटलं नव्हतं.

चौथी तुकडी वर गेली तोवर तीन वाजले होते आणि धुकं पुन्हा उतरलं. त्यांना फार काही दिसलं नाही. याचं मला वाईट वाटतंय. तुकड्यांचा क्रम मी लावला होता.

---

हिंडलग्याचा | 16 सप्टेंबर, रात्री 11:02

मी चौथ्या तुकडीत होतो. इथं आजच खातं उघडलं. स्पष्टच लिहितो. सहा तास देवळात बसून राहिलो आणि वर पंधरा मिनिटं पांढऱ्या अंधारात उभा राहिलो. घाटवाट ताईंवर राग नाही, पण सगळे मिळून गेलो असतो तर सगळ्यांनाच दिसलं असतं. नियम बरोबर असेलही, त्याची किंमत मात्र आम्ही सात जणांनी दिली. हे इथं नोंदलेलं असावं.

---

भुईआमरी | 17 सप्टेंबर, सकाळी 6:45

हिंडलग्याचे, नोंद योग्य आहे. पुढच्या वेळी 28 जणांनी एका दिवशी जाऊ नये, चार रविवारी जावं. दर रविवारी सडा वेगळा असतो, तेव्हा कुणाच्या वाट्याला उरलंसुरलं येणार नाही.

---

खानापूरचा_गडी | 17 सप्टेंबर, सकाळी 9:30

हिंडलग्याचे, तुम्ही सात जण 5 ऑक्टोबरला परत या. सोनकी तेव्हा भरात असती. मामांना सांगितलंय.

---

हिंडलग्याचा | 17 सप्टेंबर, सकाळी 9:44

येतो. सहा जण येतो म्हणालेत, सातव्याला मी उचलून आणतो.

---

घाटवाट | 18 सप्टेंबर, संध्याकाळी 7:30

भुईआमरी, एक ओळखून द्याल? परतताना जंगल संपतं तिथं झुडपावर एक बारीक वेल होती. फूल बोटाच्या पेराएवढं, खाली फुगीर, मध्ये नळी, आणि वर पाकळ्यांची टोकं एकमेकांना चिकटून पिंजऱ्यासारखी झालेली. मामा म्हणाले खरचुडी, याचा कंद लहानपणी खायचो. फोटो तुम्हाला खासगीत पाठवलाय, इथं टाकत नाही.

---

भुईआमरी | 18 सप्टेंबर, रात्री 9:12

फोटो बघून खुर्चीतनं उठले. कंदीलपुष्प! मामांचं नाव बरोबर आहे. याच्या कितीतरी जाती फक्त सह्याद्रीत सापडतात आणि काही फारच थोड्या उरल्यात. कुठली जात ते एका फोटोवरनं सांगणार नाही, फूल हातात न घेता सगळ्या बाजूंनी बघावं लागेल.

त्या नळीत आतनं खाली वळलेले केस असतात. बारीक माशी वासानं आत शिरते आणि त्या केसांमुळं वर येऊ शकत नाही. ती आत धडपडते, परागकण तिला चिकटतात. मग केस सुकतात आणि तिला वाट मोकळी होते. दवबिंदूसारखं खात नाही, थोडा वेळ कोंडून ठेवतं. तुमच्या त्या मुलीला हे नक्की सांगा, इथली माशी सुटते.

कंद माणसांनी खाल्ले, डुकरं उकरतात, म्हणून ही वेल कमी होत गेली. गडी, जागा तुम्हाला माहीत असेल. तिथं कुणी पोचू नये एवढं बघाल?

---

शहापूरची_लेक | 18 सप्टेंबर, रात्री 9:30

माशी सुटते हे वाचून मलाच बरं वाटलं.

---

खानापूरचा_गडी | 6 ऑक्टोबर, रात्री 8:40

काल हिंडलग्याचे सातही जण येऊन गेले. सोनकीनं सगळा सडा पिवळा झालाय, ऊनसुद्धा होतं. ते लिहितील त्यांचं.

मी त्यांना खाली सोडून एकटाच त्या वेलीकडं जाऊन आलो. आहे जागेवर. फुलं गेली, शेंगा धरल्यात. जोडीजोडीनं, बारीक शिंगांसारख्या, अजून हिरव्या. भोवतीचं झुडूप म्हशी खातात म्हणून मामांनी दोन काटेरी फांद्या आडव्या लावल्यात.